पाठीवरचा ब्रशकटर आणि उतारावरची रानमोडी, दोन वर्ष वापरून

रत्नागिरी जिल्ह्यात आमची ३ एकर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन आहे, वर सडा (कातळाचं पठार), मधे चांगलाच खडा उतार आणि खाली व्हाळ (ओढा). रानमोडी, म्हणजे झपाट्याने पसरणारं एक परदेशी झुडूपवजा तण (आम्ही नुसती 'मोडी' म्हणतो), काढायची म्हणून दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या दुकानातून ३५ सीसीचा फोर स्ट्रोक पाठीवरचा ब्रशकटर, म्हणजे झुडपं कापायचं पेट्रोलवरचं मशीन, घेतला.

आधी मशीनबद्दल. काम जबरदस्त आहे. तीन दात्यांचं पातं लावलं की डोक्यावर गेलेली मोडी एका फेरीत आडवी होते, लिटरभर पेट्रोलमधे दीडेक तास जातो. उतारावर काम असेल तर पाठीवरचाच घ्या, खांद्याला लटकवायचा प्रकार घेऊन चढणीवर तोल सांभाळणं फार अवघड जातं. नायलॉनची दोरी फक्त गवताला, मोडीच्या खोडाला तिचा काही उपयोग नाही. आणि गवतात लपलेल्या जांभ्या दगडावर पातं आपटलं की दांडा असा झटका देतो की विचारू नका, गॉगल आणि गमबूट घातल्याशिवाय मशीन चालूच करू नका.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. पहिल्या वर्षी मी व्हाळाकडून सुरुवात केली, आणि तीही जानेवारीत, फुलोरा आल्यावर. खालचा भाग कसा लख्ख दिसत होता! फेब्रुवारीत दुपारचा वारा सुटला आणि वरच्या कडेला राहिलेल्या झाडांवरून म्हाताऱ्या उडायला लागल्या, बी इतकं हलकं की अख्ख्या उतारावर पसरलं, आणि जे वर पडलं ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली आलं. आमच्याकडे कामाला येणारे आबा तेव्हाच म्हणाले होते, "दादा, वरनं कापत ये, खालनं गेलास तर वरचं बी परत तुझ्याच डोक्यावर." ऐकायला हवं होतं.

तेव्हापासून मी जमीन नीट बघायला लागलो. सड्यावरच्या उघड्या कातळावर मोडी टिकत नाही, पण भेगेत जरा माती साचली की तिथे हमखास. काजूच्या दाट सावलीत जवळजवळ नाहीच. सगळ्यात वाईट हाल कुठे, तर शेजारून डोंगर कापून कच्चा रस्ता काढलाय त्या लाल मातीच्या कापावर, एका पावसाळ्यात तिथे भिंत उभी राहिली. वणव्याचंही तेच, आग चढणीला सुसाट धावते, सुकलेली मोडी तर भराभर पेटते, आणि जळून उघडी पडलेली जागा पुढच्या वर्षी पहिली हीच धरते. मूळची अमेरिकेकडची, १९ व्या शतकात कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधे आणलेली, आणि आज आमच्या व्हाळात. पानावर त्रिशूळासारख्या तीन शिरा असतात, चुरगळलं की उग्र वास येतो, एकदा ओळखली की सगळीकडे तीच दिसते.

मशीनची मर्यादाही इथेच कळते. ते वरचं कापतं, बुडातली गाठ तशीच राहते. मे महिन्यात वळवाचा पाऊस पडला आणि एकेका बुंध्यातून चार-पाच फुटवे आलेले मी स्वतः मोजलेत. सपाटीवर पुन्हा एकदा मशीन फिरवता येतं, उतारावर मात्र टिकाव घेऊन गाठ खणूनच काढावी लागते. पण सगळा उतार एकदम खणू नका, माती पहिल्या पावसात व्हाळात जाते, गवताचे पट्टे मधे मधे राहू द्या.

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरअखेर, फुलं यायच्या आत, सड्याच्या कडेपासून सुरू केलं, मग रस्त्याचा काप, मग उतार, व्हाळ सगळ्यात शेवटी. तेच मशीन, तेवढंच पेट्रोल, आणि यंदा मधल्या उतारावर जी रोपं आली ती पाऊस झाल्यावर ओल्या मातीतून हातानेच उपटता आली.

मशीनला ५ पैकी ४. एक कमी केला तो थरथरीमुळे, दोन तासांनंतर बोटं बधिर होतात, त्यामुळे मधे अर्धा तास थांबावंच लागतं.