बीपी मशीन ठीक, पण पट्टा बघून घ्या ओ

खडेबाजारातल्या एका मेडिकलात हे दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घेतलं. बहीण पहिलटकरीण, सातवा लागलेला, खानापूरहून माहेरी आलेली आणि पायातली जोडवी रुतायला लागलेली. मावशी म्हणे सूज येतेच की, मीठ कमी कर.

आकडे मोठे आहेत, आईला चष्म्याशिवाय दिसतात. पण पट्टा लहान, बहिणीचा दंड भरलेला, पहिल्याच दिवशी वरचा 162 दाखवला आणि घरात रडारड. दुकानदार म्हणतो सगळ्यांना हाच बसतो. नाही बसत ओ, लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो! मोठा पट्टा वेगळे पैसे देऊन घेतला, मग तिला पाच मिनिटं गप्प बसवून, पाठ टेकवून, हात छातीच्या लेव्हलला ठेवून घेतलं तर 146/94, थोड्या वेळानं परत तेवढंच. तायी कार्डावर (गरोदर बायकांचं सरकारी तपासणी कार्ड) आधी 110/70 लिहिलेलं, तडक दवाखान्यात गेलो, लघवीत प्रोटीन निघालं. प्री-एक्लॅम्पसिया म्हणाले, गरोदरपणात बीपी चढायचा आजार.

मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. मिठाचा संबंध नाही, खोट वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असते. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयातल्या बारीक वळणदार रक्तवाहिन्यांत शिरून त्या रुंद करतात म्हणे, विहिरीच्या पाटाचं तोंड मोठं केल्यासारखं. तेच काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त कमी पडतं, मग ती आईच्या रक्तात एसएफएलटी-1 नावाचं प्रोटीन जास्त सोडते, ते रक्तवाहिन्या धड ठेवणाऱ्या पीएलजीएफला धरून बसतं, सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, बीपी चढतं, किडनीतून प्रोटीन गळतं. म्हणजे आकडा सातव्यात दिसला तरी गडबड कधीच सुरू झालेली. जोखीम जास्त असेल तर बाराव्या आठवड्याच्या आसपास डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) बघून सोळाव्याच्या आत अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करतात, पण ती डॉक्टरनीच द्यायची, आमचा तो वेळ गेलेला.

आता बहीण अ‍ॅडमिट आहे, बीपीच्या गोळ्या चालू, वार बाहेर येईपर्यंत हे पूर्ण जाणार नाही म्हणाल्या.

घेणार असाल तर दंडाला टेप लावून माप घ्या आणि मशीन एकदा दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघा, गरोदरपणात काही मशीन कमीच दाखवतात. पाचपैकी तीन स्टार, एक पट्ट्याचा कापला, एक दुकानदाराच्या तोंडाचा.