व्हिडिओच्या कोपऱ्यातली करडी पट्टी

मोफत ऑनलाइन कोर्सच्या नावाखाली माझी फसवणूक झाली. रक्कम फार मोठी नव्हती. पण ज्या पद्धतीने ती काढून घेतली ती पद्धत आजही चालू आहे, आणि शिकायची खरी ओढ असलेली माणसंच तिच्यात सापडतात. म्हणून झालं ते सगळं लिहून काढतेय.

कॉलेजात माझं गणित अर्धवट सुटलं. नोकरी, घर, मुलं यांत तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे अनेक समीकरणं एकत्र सोडवण्याचं गणित, मुळापासून शिकायचा. परीक्षेसाठी नाही, कुणाला दाखवायलाही नाही. मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडणीचा, गुणाकार तसाच का करतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ते एकदाचं समजून घ्यायचं होतं.

मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर एक साइट आली. ती जाहिरात होती, तसं बारीक अक्षरांत लिहिलंही होतं, मी वाचलं नाही. 'शंभर टक्के मोफत', 'आंतरराष्ट्रीय मान्यता', 'अठरा वर्षांचा अनुभव'. मी नाव नोंदवलं. पहिले चार धडे खरोखरच फुकट होते आणि फार सुंदर होते. फळ्यावर खडूने शिकवणारे एक प्राध्यापक, कसली घाई नाही, मधेच थांबून विचार करायला लावणारे. दोन समीकरणं म्हणजे दोन रेषा आणि त्या छेदतात तिथे उत्तर, एवढं मला माहीत होतं. तीच समीकरणं आडवी न वाचता उभी, स्तंभांनी वाचली, की प्रत्येक स्तंभ एक बाण होतो आणि प्रश्नच बदलतो: हे दोन बाण किती किती घेतले म्हणजे तिसऱ्या बाणाच्या टोकाशी पोचू? त्यांनी हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिले.

माझा विश्वास बसला तो या शिकवण्यामुळे. इतकं जीव ओतून शिकवणारे लोक फसवतील कसे? शिकवणारे वेगळे आणि पैसे घेणारे वेगळे असू शकतात, हे डोक्यातच आलं नाही.

पाचव्या धड्याला कार्डाचा नंबर मागितला. 'फक्त ओळख पटवण्यासाठी, काहीही रक्कम कापली जाणार नाही.' मी दिला. अटींपुढच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती, आणि 7 दिवसांनी सभासदत्व आपोआप सुरू होऊन दर महिन्याला पैसे कापले जातील हे त्या अटींत लिहिलेलं होतं. ते मला दोन महिन्यांनी, बँकेचं स्टेटमेंट बघताना कळलं.

त्याआधी प्रमाणपत्राचं प्रकरण झालं. कोर्स संपला त्या संध्याकाळी पडद्यावर सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आलं. माझं पूर्ण नाव ठळक, बाकी मजकूर पुसट. खाली एक घड्याळ उलटं धावत होतं: 15 मिनिटांत प्रक्रिया शुल्क भरा, नाहीतर प्रमाणपत्र रद्द. मला प्रमाणपत्र नकोच होतं. पण तीस वर्षांपूर्वी सुटलेल्या विषयाखाली स्वतःचं नाव छापलेलं दिसलं आणि मन हललं. पैसे भरले. दुसऱ्या दिवशी ईमेल आला की 'मान्यता परिषदे'च्या शिक्क्यासाठी वेगळं शुल्क लागेल. तेही भरलं.

उलगडा माझ्या भाच्यामुळे झाला. मी आवडीने त्याला पहिला धडा दाखवत होते. शेवटाकडे त्याने व्हिडिओ थांबवला.

"मावशी, हे सर पुढच्या तासाचं बोलतायत. आणि हा कोण खोकला? हा वर्ग आहे, समोर मुलं बसलीयेत. हे या साइटवाल्यांनी रेकॉर्ड केलेलं नाही."

मग त्याने कोपरा दाखवला. सगळ्या धड्यांत खाली उजवीकडे एक करडी पट्टी होती. मला ती साइटची सजावट वाटली होती. शेवटच्या काही सेकंदांत ती जरा सरकायची आणि तिच्यामागून दुसऱ्याच कुठल्यातरी चिन्हाची कड डोकवायची. विषयाचं नाव टाकून शोधल्यावर पाच मिनिटांत मूळ जागा सापडली. ती अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची व्याख्यानं होती. ओपनकोर्सवेअर नावाचा त्यांचा उपक्रम 2001 साली जाहीर झाला. तिथे नाव नोंदवावं लागत नाही, कार्ड मागत नाहीत, आणि मुळात प्रमाणपत्रच देत नाहीत. साहित्य वापरा, वाटा, पण श्रेय द्या आणि त्यावर धंदा करू नका, अशी त्यांची परवान्याची अट आहे. मला फसवणाऱ्या साइटने श्रेय पट्टीखाली झाकलं होतं आणि धंदा माझ्या जिवावर केला होता.

प्रमाणपत्रावर पडताळणी क्रमांक होता. भाच्याने ते पान उघडलं आणि माझ्या क्रमांकाऐवजी नुसतं 12345 टाकलं. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं: 'प्रमाणपत्र वैध आहे.' तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. 'मान्यता परिषदे'च्या साइटवरचा पत्ता आणि कोर्सच्या साइटवरचा पत्ता अक्षर न् अक्षर एकच होता. अठरा वर्षांच्या अनुभवाचं म्हणाल, तर साइटचं नाव कधी नोंदवलं गेलं हे हू-इज नावाच्या शोधात कुणालाही बघता येतं. पाच महिने झाले होते.

बँकेला फोन करून कार्ड बंद केलं, लेखी तक्रार दिली. दर महिन्याला कापलेले पैसे परत मिळाले. प्रमाणपत्रासाठी भरलेली दोन्ही शुल्कं नाही मिळाली, कारण ती मी स्वतः मंजूर करून भरली होती. सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली आहे. पडद्याचे फोटो काढून ठेवले होते ते कामाला आले. साइट आठवड्याभरात गायब झाली.

प्रमाणपत्राला पैसे मागतो तो प्रत्येक जण लबाड, असं मात्र समजू नका. कोर्सेरा आणि एडएक्स या 2012 साली सुरू झालेल्या मोठ्या व्यासपीठांवरही बऱ्याच कोर्समध्ये निदान काही भाग फुकट बघता येतो आणि प्रमाणपत्राला शुल्क पडतं. पण ते आधीच सांगतात, आणि कोर्स कुठल्या विद्यापीठाचा, शिकवणारे कोण, हे पहिल्याच पानावर असतं. ते नाव घेऊन त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर जा आणि कोर्स तिथे सापडतो का बघा. माझ्या कोर्सच्या पानावर शिकवणाऱ्याचं नावच नव्हतं. पैसे किती मागतात यापेक्षा मी तेवढं एक बघायला हवं होतं. नुसतं शिकायचं असेल तर खान अकॅडमी मुख्यतः देणग्यांवर चालते, धड्यांसाठी शिकणाऱ्याकडून काही घेत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्नवर कोर्स पूर्ण केल्याचं साधं निवेदन फुकट मिळतं.

मला पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. नंतर तीन महिने मी वही उघडली नाही. ते प्राध्यापक दिसले की ती करडी पट्टीच आठवायची, आणि त्यांचा तर काहीच दोष नव्हता.

गेल्या आठवड्यात एक फोन आला. 'कोर्सच्या फसवणुकीत गेलेले पैसे आम्ही परत मिळवून देतो, आधी थोडं नोंदणी शुल्क भरा.' माझं नाव, कोर्सचं नाव, मी भरलेली रक्कम, सगळं त्यांना बरोबर माहीत होतं. ही माहिती माझ्याशिवाय फक्त बँकेकडे, पोलिसांकडे आणि त्या साइटवाल्यांकडे होती. तुम्ही अशा ठिकाणी एकदा फसला असाल, तर असा फोन तुम्हालाही येऊ शकतो. मी काही न बोलता ठेवून दिला, नंबर पोलिसांना कळवला, आणि मूळ जागी जाऊन सहावं व्याख्यान पुन्हा लावलं.