डी नदीकाठचे तीन किल्ले: क्रॅथिस, बाल्मोरल की ब्रेमार?

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनहून डी नदीच्या खोऱ्यात एक दिवस काढायचा म्हटलं की पहिलं नाव निघतं बाल्मोरलचं. ब्रिटिश राजघराण्याचं उन्हाळी घर, बातम्यांत शंभरदा पाहिलेलं, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण जुना किल्ला आतून बघायचा असेल तर या तिघांत बाल्मोरल शेवटी येतं. किल्ल्यासाठी क्रॅथिस, नदी आणि डोंगरासाठी ब्रेमार आणि रानातल्या चालीसाठी बाल्मोरल, असा आमचा सरळ हिशोब आहे.

तिन्ही ठिकाणं ए-९३ या एकाच रस्त्यावर येतात. ॲबरडीनहून क्रॅथिस सुमारे २४ किमी, वाटेतलं बॅलटर गाव ६७, बाल्मोरल ८० आणि ब्रेमार ९३ किमी. गाडीने ब्रेमारला दीड-पावणेदोन तास, बसने दोन तासांहून जास्त. २०१ क्रमांकाची बस या मार्गाने जाते, पण तिच्या बऱ्याच फेऱ्या बॅलटरलाच संपतात. बाल्मोरलच्या थांब्याचं नाव आहे क्रॅथी. क्रॅथिस आणि क्रॅथी यांच्यात ५५ किमीचं अंतर आहे, तेव्हा बसमध्ये नाव स्पष्ट सांगा आणि परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा.

रायगड-राजगड डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर तिन्ही ठिकाणी निराशा पदरी पडेल. तट, माची, बालेकिल्ला असलं काही इथे नाही. आपल्याकडच्या सरदारांच्या गढीसारखी ही एकेका घराण्याची भक्कम घरं, फक्त आडवी पसरण्याऐवजी उभी चढलेली.

क्रॅथिस

ही जमीन स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसने १३२३ साली बर्नेट घराण्याला दिली आणि सध्याचा मनोरा १५५३ ते १५९६ या काळात उभा राहिला. खाली भिंती सपाट आणि खिडक्या मोजक्या, तर वर गेल्यावर बुरूजवजा कोपरे, टोकदार छपरं, कोरीव दगडी नळ असा सगळा थाट. खालचा भाग संरक्षणासाठी, वरचा मिरवण्यासाठी.

खरी मौज छतांत आहे. लाकडी तुळया आणि त्यांच्यामधल्या फळ्या रंगवलेल्या आहेत. एका दालनात हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, आर्थर, शार्लमेन असे नऊ वीर, तर दुसऱ्यात कलांच्या देवता. तुळयांच्या कडांवर जुन्या स्कॉट्स वळणाचा मजकूर ओळींनी लिहिला आहे. ही चित्रं बराच काळ गिलाव्याखाली झाकलेली होती, १८७७ मध्ये ती उघडी पडली. दालनांत उजेड बेताचा असतो. आत गेल्या गेल्या वर बघितलं तर काळपट लाकूडच दिसतं. मिनिटभर थांबा, मग रंग दिसू लागतात. मोठ्या दालनात लीजचं शिंग टांगलेलं आहे. रत्नं जडवलेलं हे हस्तिदंती शिंग ब्रूसने दिल्याचं मानतात.

अडचण जिन्याची. तो दगडी, गोल आणि अरुंद आहे, आणि त्यातली एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची ठेवली आहे, अंधारात घुसलेल्या शत्रूचा पाय अडखळावा म्हणून. आजही तिच्यावर पाहुणे अडखळतात. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी वर जायचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी बाहेर भिंतीआडची बाग आहे, जवळजवळ चार एकर, आठ भागांत वाटलेली. तिच्यातली यू नावाच्या सदाहरित झाडांची कुंपणं १७०२ च्या सुमारास लावलेली असून अजून कातरून आकारात राखली जातात. बाग जून-जुलैत पूर्ण भरात असते. ऑक्टोबरात केवळ बागेसाठी येण्यात अर्थ नाही.

क्रॅथिस अगदी नदीच्या काठावर नाही, हेही सांगायला हवं. डी दक्षिणेला थोड्या अंतरावरून वाहते. नदीची हौस भागवायची तर १९६६ साली प्रवासी वाहतूक बंद झालेल्या जुन्या रेल्वेमार्गावरून जाणारा डीसाइड वे हा पायी रस्ता धरा आणि बँकरी गावापर्यंत चाला. साधारण पाच किमी, बहुतेक सपाट. बँकरीच्या दक्षिणेला फ्यू नदीवरच्या पुलाजवळ सामन मासे खडकांवरून उड्या मारत वर चढतात. त्यासाठी शरद ऋतू आणि पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस निवडा. पाणी फार कमी असेल तर मासे खालच्या डोहात थांबून राहतात आणि तुम्ही रिकामा धबधबा बघून परतता.

बाल्मोरल

१८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टने ही जागा विकत घेतली आणि १८५६ पर्यंत नवी वास्तू उभी राहिली. म्हणजे क्रॅथिसच्या मानाने ही अगदी अलीकडची. फिकट ग्रॅनाइटची, देखणी, पण लढाई कधी न पाहिलेली. एरवी पाहुण्यांना आवार, बागा आणि आतलं फक्त नृत्यदालन बघायला मिळत असे. २०२४ मध्ये प्रथमच काही खोल्यांचे मार्गदर्शित दौरे सुरू झाले. तिकिटं शंभर पौंडांपासून पुढे होती, तरी लगेच संपली.

दर्शनाचा हंगाम वसंतात सुरू होतो आणि राजघराणं मुक्कामाला येण्याआधी, ऑगस्टच्या सुमारास, आटोपतो. तारखा दरवर्षी बदलतात. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना दरवाजा बंद मिळण्याचीच शक्यता जास्त.

डोंगर मात्र बंद नसतात. २००३ च्या स्कॉटिश कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही खासगी रानातून चालायचा हक्क दिला आहे. घराभोवतीचा बगिचा त्यात येत नाही, मागच्या टेकड्या येतात. तिथे कुटुंबातल्या प्रसंगांच्या आठवणीसाठी रचलेले दगडी मनोरे विखुरले आहेत. सर्वांत मोठा पिरॅमिडच्या आकाराचा, अल्बर्टच्या मृत्यूनंतर व्हिक्टोरियाने १८६२ मध्ये उभारलेला. सगळा फेरा दहा किमीच्या आसपास, तीन-साडेतीन तासांचा. चढ दमवणारा आहे आणि पावसानंतर पाइनच्या मुळ्या निसरड्या होतात, तेव्हा स्पोर्ट्स शूजपेक्षा पकड असलेले बूट बरे. शरदात हरणांची शिकार चालते, त्या दिवसांत पाट्यांवरच्या सूचना पाळा. तिकीट न काढता बाल्मोरल अनुभवायचं तर हा फेरा घ्या. आमच्या मते तिकिटापेक्षा तोच सरस.

ब्रेमार

किल्ला छोटा, १६२८ चा. मार प्रांताच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने बांधला, १६८९ मध्ये फर्कर्सन घराण्यातल्यांनी जाळला आणि १७४८ नंतर सरकारी फौजेने छावणी म्हणून पुन्हा वापरात आणला. चांदणीच्या आकाराची बाहेरची भिंत तेव्हाची. दारात लोखंडी जाळीचा जड दरवाजा, आत कैद्यांसाठी खड्डा आणि खिडक्यांच्या लाकडी झडपांवर सैनिकांनी चाकूने कोरलेली नावं. लांबलचक हिवाळ्यात करायला दुसरं होतं तरी काय! ब्रेमारला उणे २७.२ अंश तापमान दोनदा नोंदलं गेलंय, १८९५ आणि १९८२ मध्ये. २००७ पासून किल्ला गावकरीच चालवतात. तास-दीड तासात बघून होतो, पण तो हंगामातच आणि ठरावीक वारी उघडतो.

इथवर यायचं खरं कारण गावापासून दहा किमीवरची लिन ऑफ डी ही घळ. रुंद नदी अचानक खडकाच्या चिरेत शिरते. एका ठिकाणी फट इतकी अरुंद की उडी मारून पलीकडे जाता येईल असं वाटतं. तो मोह जिवावर बेततो. खडक ओलसर आणि गुळगुळीत, खाली पाणी खोल, थंड आणि खेचणारं. मुलांचा हात सोडू नका आणि फोटो १८५७ च्या दगडी पुलावरून काढा. इथे बस येत नाही, गाडी हवीच.

मग ठरवायचं कसं

आईवडील सोबत असतील किंवा गाडी नसेल तर क्रॅथिस. तिथे बस सर्वांत सोयीची आणि थकल्यास लवकर परतता येतं. गाडी असेल आणि मे ते जुलै असेल तर सकाळी क्रॅथिस, बॅलटरला जेवण आणि दुपारी लिन ऑफ डी. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई होत नाही. तिन्ही किल्ले एका दिवसात कोंबलेत तर फक्त वाहनतळ बघून व्हायचे. सप्टेंबरचा पहिला शनिवार टाळा, कारण त्या दिवशी ब्रेमारला हायलँड खेळ, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश खेळांची जत्रा असते आणि खोल्या फार आधीच भरलेल्या असतात.

पासचं म्हणाल तर एडिंबरा किल्ल्यावर चालणारा एक्सप्लोरर पास या तिन्ही ठिकाणी चालत नाही. क्रॅथिस नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडचं आहे. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टचं सभासदत्व असेल तर तेही तिथे ग्राह्य धरतात.

शाकाहारी मंडळींनी कॅफेत मसूरचं सूप मागवताना विचारून घ्यावं, त्यात बरेचदा डुकराच्या मांसाचं पाणी असतं. गवतातून चालताना पाय झाकलेले ठेवा आणि संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला गोचीड तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल किंवा पेटती काडी लावू नका. नंतर तिथे पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. हिवाळ्यात ब्रेमारहून दक्षिणेला ग्लेनशी घाटामार्गे पर्थ शहराकडे उतरायचा बेत असेल तर निघण्याआधी रस्त्याची स्थिती बघा. बर्फ पडला की घाटाचे फाटक बंद करतात आणि मग आल्या वाटेने ॲबरडीनलाच परतावं लागतं.