‘सीलबंद’ एचओ इंजिन घेताना खोक्यावर भुलू नका

पुण्यात मॉडेल रेल्वेवाले आपण मोजकेच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना हा नाद कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वेत लागलेला. परदेशी इंजिन नवं मागवायचं तर खेळण्यांवरची कस्टम ड्युटी आडवी येते: 2020 मध्ये ती 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. मग आपण इथेच कुणी ‘आणून ठेवलेलं’ शोधतो. काहींचा धंदा त्यावरच चालतो.

मला एचओ, म्हणजे 1:87 मापाचं जर्मन डिझेल इंजिन हवं होतं. एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: ‘सीलबंद, एकदाही न चालवलेलं’, साडेअठरा हजार. व्हिडिओत इंजिन सरळ रुळावर झोकात धावत होतं, वर ढणाढणा गाणं. न चालवलेल्याचा व्हिडिओ कसा, विचारलं तर म्हणाला, “तो दुसऱ्या पीसचा आहे, सर.” कर्वे पुतळ्यापाशी खोकं मिळालं, पैसे यूपीआयने गेले, बिल नाही.

घरी रुळावर ठेवलं तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्. पहिल्याच पॉइंटवर, म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतात तिथे, रुळावरून उतरलं. बोगीचं (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्याचं) खालचं झाकण काढल्यावर कारण दिसलं. या मॉडेलमध्ये आसाचे दोन अर्धे तुकडे मधल्या प्लास्टिक गिअरच्या नळीत दाबून बसवलेले आहेत. नळीचं भोक जरा घट्ट राहिलं की त्या ताणानेच गिअरला चीर जाते, इंजिन नुसतं खोक्यात पडून असलं तरी. चिरेपाशी दोन दातांमधली फट वाढते, म्हणून टकटक. आस सैल होऊन चाकं बाहेर सरकतात, म्हणून पॉइंटवर घसरणं. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर, जोडीच्या चाकांमध्ये आतून आत साधारण साडेचौदा हवेत. व्हर्नियर लावला, एक जोडी पंधराच्या वर भरली.

हा झाला कारखान्याचा ढिसाळपणा. पण चिरेवर फेविक्विकचा पांढरट थर होता आणि स्क्रूंची डोकी खरवडलेली! म्हणजे माझ्याआधी कुणीतरी हे उघडलं, दोष बघितला, चिकटवला आणि खोक्याला नवी टेप मारली. त्यात या गुळगुळीत प्लास्टिकवर फेविक्विक धड टिकतही नाही.

फोन केला तर म्हणे, “मॉडेलमध्ये एवढं चालायचंच, ग्रीस टाका.” फोटो पाठवल्यावर ब्लॉक. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण बिलाशिवाय घोडं अडलंय.

भेटायला जाताना फूटभर रूळ, नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन वायरी सोबत न्या. साध्या डीसी (डिजिटल नसलेल्या) इंजिनाला तेवढं पुरतं. हळू चालवून कान द्या, वायरी उलटवून मागेही चालवा. मग इंजिन उताणं करून प्रत्येक जोडीची चाकं हलकेच बाहेर ओढा. सरकली तर घेऊ नका. सील फोडू देत नसेल तर सरळ परत फिरा.

बदली गिअर मिळतात म्हणे, पण बाहेरून मागवायचे. त्यांच्या किमतीपेक्षा टपालखर्चच जास्त येतोय.