लघुग्रहांच्या ध्रुवणमापनासाठी फिरता फिल्टर : एक परीक्षण

सव्वा इंची नेत्रिकेच्या आट्यांवर बसणारा आणि अंशांच्या खुणा असलेल्या कड्याने फिरणारा हा रेषीय ध्रुवण फिल्टर, म्हणजे प्रकाशलहरींची एकाच दिशेतली कंपने पुढे जाऊ देणारी काच, चंद्रनिरीक्षणाला उत्तम आहे. मात्र खोक्यावर छापलेला ‘लघुग्रहांच्या पृष्ठभागाचा अभ्यास’ हा दावा वाचून तो घेणाऱ्याने आधी थोडे गणित मांडावे.

लघुग्रहावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश अंशतः ध्रुवित असतो, म्हणजे त्यात एका दिशेतली कंपने अधिक असतात, आणि सूर्य, लघुग्रह व पृथ्वी यांच्यातील कला कोनानुसार त्या ध्रुवणाचे प्रमाणही बदलते व दिशाही. हा कोन साधारण २० अंशांहून कमी असताना ध्रुवण ऋण, म्हणजे या तिघांच्या प्रतलाला समांतर असते, पुढे ते धन, म्हणजे त्या प्रतलाला लंब होते. पृष्ठभाग जितका काळा, तितकी ही ऋण शाखा सहसा खोल जाते आणि धन बाजूची चढणही तीव्र होते. त्यावरून परावर्तनक्षमता आणि पर्यायाने लघुग्रहाचे आकारमान काढता येते. २३४ क्रमांकाच्या बार्बरासारख्या काही लघुग्रहांत मात्र ही दिशा २८ अंशांच्या आसपास पालटते, आणि असे हट्टी अपवादच या अभ्यासाची खरी गोडी आहेत.

अडचण अशी की मंगळ व गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहांचे ध्रुवण टक्का-दीड टक्क्याच्या घरात असते. १ टक्का ध्रुवण असेल, तर कडे फिरवताना तेजात जेमतेम ०.०२ प्रतीचा (प्रत म्हणजे खगोलीय तेज मोजण्याचे एकक), म्हणजे सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडतो, आणि दोन छायाचित्रांच्या मधल्या वेळात विरळ ढगाची एखादी झिलईसुद्धा तेवढा फरक सहज पाडते. वेधशाळांतील अनेक ध्रुवणमापकांत वोलास्टन लोलक परस्परलंब ध्रुवणाच्या दोन्ही प्रतिमा एकाच वेळी टिपतो, त्यामुळे हा दोष आपोआप वजा होतो. एकाच शलाकेवर चालणाऱ्या या फिल्टरकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांची गोष्ट निराळी. मोठ्या कला कोनावर फेथॉनचे ध्रुवण ५० टक्क्यांच्या आसपास गेल्याचे २०१६ च्या निरीक्षणांत आढळले होते. तेवढ्या ध्रुवणात कमाल आणि किमान तेजाचे गुणोत्तर तीनास एक होते, आणि ते हा फिल्टरही दाखवू शकेल.

बनावट नेटकी आहे, पण कड्यावरचे आकडे लाल रंगात आहेत, म्हणजे निरीक्षक वापरतात त्या लाल दिव्यात ते दिसेनासेच होतात! शिवाय काच किंचित पाचरीसारखी असल्याने कडे फिरवले की तारा कॅमेऱ्यात सरकतो. चंद्रासाठी पाचापैकी चार गुण. लघुग्रहांसाठी दोन, तेही फेथॉनच्या भरवशावर.