डाऊट म्हणजे शंका नव्हे : ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी वापरताना

"आय डाऊट द बेअरिंग्ज आर डॅमेज्ड." चाकणच्या आमच्या कारखान्यातून जर्मनीतल्या पुरवठादाराला मी हे लिहिलं, तेव्हा मला सांगायचं होतं की बेअरिंग खराब असल्याची शंका आहे. त्यांनी वाचलं ते असं, की बेअरिंग खराब असतील असं हिला वाटत नाही. मग ते बदली माल कशाला पाठवतील? आठ दिवस गेले आणि उलगडा झाला तो फोनवर.

माझी दहावी बार्शीला, मराठी माध्यमातून. डिप्लोमाला आल्यावर इंग्रजी एकदम अंगावर आलं, म्हणून 'रोज दहा शब्द' छापाचं पुस्तक घोकून काढलं होतं. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. डाऊट म्हणजे शंका, हे त्यातलंच. पण "मला शंका आहे की" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ती गोष्ट झाली असावी असं वाटत असतं. इंग्रजीत डाऊट म्हटलं की झाली नसावी. मला हवा होता तो शब्द सस्पेक्ट.

त्याच रविवारी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, गेले आणि ही डिक्शनरी घेतली. दहावी आवृत्ती, २०२०ची. इंग्रजी–इंग्रजी आहे, मराठीचा एक शब्द आत नाही. पहिले दोन आठवडे फार जड गेलं. मग लक्षात आलं की व्याख्या मुद्दाम सोप्या शब्दांत लिहिल्या आहेत, एका शब्दासाठी आणखी चार शब्द शोधावे लागतात असं क्वचितच होतं. हिचा पाया घालणारे ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, आणि पहिलं रूप १९४२ मध्ये टोकियोत छापलं गेलं. हे पुस्तक इंग्रजांच्या मुलांसाठी नाही, परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणाऱ्यांसाठी आहे, हे पानोपानी जाणवतं. आपण कुठे घसरणार हे तिला आधीच ठाऊक असतं. डिस्कसखाली स्पष्ट सूचना आहे : डिस्कस अबाउट म्हणू नका. सजेस्टखाली : सजेस्ट मी म्हणू नका. मी दोन्ही वर्षानुवर्षं लिहीत होते.

नामांपुढे सी आणि यू ही अक्षरं असतात, मोजता येणारं आणि न येणारं. मला सगळ्यात जास्त उपयोग याच दोन अक्षरांचा झाला. आपण माहित्या म्हणत नाही, म्हणून इन्फर्मेशनचं अनेकवचन होत नाही हे लगेच पटतं. पण सल्ले म्हणतो, आणि मग ॲडव्हाइसेस लिहून मोकळे होतो. आमच्या विभागात तर इक्विपमेंट्स सर्रास चालतं. नवीन शब्द काढला की आता माझी नजर अर्थाआधी त्या अक्षरावर जाते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे शब्दाची संगत. आपण साडी नेसतो, चप्पल घालतो, चष्मा लावतो, गजरा माळतो, फेटा बांधतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे प्रत्येक क्रियापद वेगळं शिकावं लागेल, आणि इंग्रजीत या सगळ्याला एकटं वेअर पुरतं. उलट आपला जोराचा वारा आणि जोराचा पाऊस तिकडे वेगळे होतात : वारा स्ट्राँग, पाऊस हेवी. कडक चहा पुन्हा स्ट्राँग. असल्या जोड्या मराठी अर्थ पाठ करून कधीच कळल्या नसत्या. डिक्शनरीत उदाहरणांची वाक्यं भरपूर आहेत, ती वाचताना त्या आपोआप मनात बसतात.

मी रोज तीनच शब्द घेते. वहीत मराठी अर्थ लिहीत नाही. कामातलं एक खरं वाक्य लिहिते, गेज, रिजेक्शन, डिस्पॅच असं काहीतरी असलेलं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने ते पान झाकून वाक्य आठवते. महत्त्वाच्या ३,००० शब्दांवर किल्लीची खूण आहे आणि ए१ (अगदी सुरुवातीची) ते बी२ (मध्यमच्या वरची) अशी पातळीही दिलेली आहे, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हा प्रश्न उरत नाही. आधी खुणेचे शब्द पक्के करा. अवघड, भारदस्त शब्दांचा मोह मलाही होता, पण मेल अडतो तो साध्या शब्दांवरच.

ग्रंथ जाडजूड आहे, लोकलमध्ये किंवा कंपनीच्या बसमध्ये उघडायचा नाही. उच्चार ऐकायला त्यांचं संकेतस्थळ फुकट आहे, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार तिथे मिळतात. मग कागदी कशाला, असं नवरा विचारतो. कागदावर डाऊट शोधताना शेजारचं डाऊटफुल आणि डाऊटलेसही वाचलं जातं, मोबाइलवर मी तेवढाच शब्द बघून बंद करते.

सातवी-आठवीच्या मुलाला ही आणून देऊ नका, त्याला आधी सोपा इंग्रजी–मराठी कोशच लागेल. डिप्लोमा, नर्सिंग, बँक किंवा कुठल्याही कचेरीत इंग्रजी लिहावं लागणाऱ्यांनी मात्र जरूर घ्यावी. पैशांची ओढाताण असेल तर चौकात जुन्या पुस्तकांत नववी आवृत्ती मिळते का बघा. डिस्कस आणि डाऊट तिच्यातही तेच आहेत.