चेंबर आणि जाळीचा जोडसंच: पत्रा उत्तम, सिलिकॉन मात्र वेगळं घ्या

आधी निकाल सांगते. संच घेण्यासारखा आहे. ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेल साठवणारं पत्र्याचं भांडं, मूळ भागाच्या तोडीचा. पंप ज्यातून तेल ओढतो त्या जाळीच्या नळीचा बाक अचूक, नळीच्या टोकाची रबरी ओ-रिंग मऊ. चेंबरची कड इंजिनाच्या ब्लॉकला चिकटवायला सोबत येणारी सिलिकॉनची ट्यूब मात्र मी बाजूला ठेवली, आणि तुम्हीही ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पेट्रोल गाडीच्या चेंबरला दगड लागून पोचा आला होता. तेल थेंबभरही गळत नव्हतं, म्हणून ज्याला विचारावं तो ‘राहू दे तसाच’ म्हणत होता. पण पोचा बरोबर जाळीच्या खाली होता. जाळी तळापासून जराशीच वर असते. पुष्कळ इंजिनांत हे अंतर सेंटिमीटरभरसुद्धा नसतं. तळ वर आला की जाळीच्या तोंडाशी जागा उरत नाही आणि पंप उपाशी राहतो. गरम इंजिन मंद फिरत असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा मी गाडी बाहेर काढणं बंद केलं आणि हा संच मागवला.

त्यामुळे चेंबर हातात आल्यावर पहिली मोजली ती खोली. कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवून कॅलिपर तळापर्यंत सोडला. जुन्या चेंबरच्या धड भागाशी फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला. एवढ्यावर मन भरेना. नवी जाळी बसवून तिच्या तोंडाखाली मुलांच्या खेळण्यातल्या क्लेचा गोळा लावला, चेंबर सिलिकॉनशिवाय मोजक्या बोल्टांवर चढवला आणि पुन्हा उतरवला. क्ले दबून ८ मि.मी. उरली. जुना चेंबर तसाच चढवून पाहिला तर उरली जेमतेम ३. भाग मूळ कंपनीचा नसेल तर ही चाचणी टाळू नका. नंतर क्लेचा कण न् कण पुसून काढायचा, हे ओघानं आलंच.

जाळीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण लोक चेंबर बदलतात आणि जुनी जाळी धुऊन परत लावतात. तेलाचा रस्ता जाळी, पंप, फिल्टर आणि मग बेअरिंग असा असतो. फिल्टर चोंदला तर त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो, तेल न गाळता का होईना पण पुढे जातं. माझ्या इंजिनातल्या जाळीला तशी पळवाट नाही. ती चोंदली की पुढे सगळंच कोरडं. शिवाय नळीच्या टोकाची ओ-रिंग पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असते. ती सैल पडली तर तिथून तेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग दिसत नाही आणि प्रेशर मात्र पडत राहतं. माझी जुनी रिंग काचेच्या बांगडीसारखी कडक झाली होती. संचातली रिंग तेलाचं बोट लावून बसवली, विनातक्रार बसली.

आता सिलिकॉन. ट्यूबचं बूच उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला. असा वास येणारं सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडतं आणि ते धातूला चांगलं नाही. इंजिनासाठीचं, तेलाला टिकणारं आणि सेन्सरला सुरक्षित असं लिहिलेलं न्यूट्रल सिलिकॉन वेगळं घेतलं. बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूनं साधारण ३ मि.मी. जाडीची अखंड वात फिरवायची. ‘गळायला नको’ म्हणून भरमसाट लावू नका. दाबल्यावर जादा सिलिकॉन आत उतरतं, तुटतं आणि थेट नव्या जाळीत जाऊन बसतं.

जुना चेंबर सोडवणं कष्टाचं, पण सरळ काम आहे. गाडी जॅकवर नव्हे, जॅक स्टँडवर. पातळ पात्याची हत्यारं घाला. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटलं तर ब्लॉकच्या कडेला चरे पडतात. जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढा. ड्रिलला लावायच्या घासणाऱ्या चकत्यांची रेव इंजिनात उडते आणि बेअरिंग खाते. ब्लॉकमधून तेल तासन् तास ठिबकत राहतं, म्हणून मी चेंबर उतरवून ते रात्रभर निथळू दिलं आणि सकाळी कड पुन्हा पुसली. बाबा टॉर्च धरून बसले होते आणि एक थेंब दिसला की हात थांबवायला लावत होते. त्यांचं बरोबर होतं, तेलकट कडेला सिलिकॉन धरत नाही.

बोल्ट १० नंबरच्या पान्याचे, ६ मि.मी. जाडीचे. मॅन्युअलप्रमाणे जवळपास १० न्यूटन-मीटर, मधून सुरुवात करून समोरासमोर. त्याहून आवळलं तर भोकांभोवतीचा पत्रा वाकतो आणि दोन बोल्टांमध्ये फट पडते. या चेंबरची कड जाड आहे, आवळल्यावर कुठेही लाटा आल्या नाहीत. मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

तक्रारी दोन. ड्रेन बोल्टच्या, म्हणजे तेल काढायच्या बोल्टच्या, आट्यांत रंग शिरला होता. बोल्ट हातानं आत-बाहेर फिरवून आटे मोकळे केले, मग चेंबर पुन्हा धुतला. आणि ड्रेन बोल्टचा वॉशर संचात नाही, तो आठवणीनं मागवा.

सिलिकॉनला पूर्ण २४ तास दिले, नवा फिल्टर लावला, तेल भरलं. इंजिन सुरू होण्याआधी तेलाचं प्रेशर तयार व्हावं म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून आधी नुसता स्टार्टर थोडा थोडा फिरवला. लाल दिवा विझल्यावरच फ्यूज परत लावला. आता इंजिन कितीही तापलं तरी दिवा लागत नाही आणि कड कोरडी आहे.

तुमच्या गाडीत चेंबर काढायला सबफ्रेम (इंजिनाखालचा लोखंडी सांगाडा) उतरवावी लागत असेल किंवा इंजिन वरून टांगावं लागत असेल, तर संच हाच घ्या, पण काम लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या. त्यांना सिलिकॉन मात्र तुमचंच द्या.